नदीने हरकत घेतलेली नाही

"एक, मी सायकलीवर आलो. दोन, ऊन लय हाये. तीन, तुमच्या घरी माठ हाये. सबब विनंती, का पाणी भेटावं."

पाणी मागायची ही त्यांची रीत. प्रत्येक मुद्द्याला डाव्या हाताचं एक बोट मिटायचं आणि 'सबब' म्हणताना ती मूठ माझ्यापुढे अशी धरायची, की जणू आत तीन पुरावे कोंडले आहेत. कचेरीत 'म्हणून'ला सबब म्हणतात. पाणी पिऊन झालं की तांब्या खाली ठेवून म्हणत, "हुकूम अमलात आला."

तू पत्रात लिहिलंस की कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून करून तू कंटाळला आहेस. धाकटी लिहिते की दादा आता जेवतानाही चारांपैकी एक पर्याय निवडतो. म्हणून तुम्हा दोघांसाठी हे लिहीत आहे. या तयारीतलं थोडंफार मलाही कळतं. अमरावतीला असताना मी एका माणसाकडून ती करून घेतली होती. साठ सालच्या आगेमागे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. आम्ही त्यांना अर्जनवीसच म्हणत असू.

अर्जनवीस म्हणजे कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा. यांची जागा कडुनिंबाखाली. एक टेबल, एक खुर्ची त्यांची, आणि समोर एक बुटकं स्टूल पक्षकाराचं. ज्याचा अर्ज लिहायचा तो पक्षकार. स्टुलावर बसून माणूस मन मोकळं करी आणि हे टाक खाली न ठेवता लिहीत.

माझी त्यांची ओळख शेळीमुळे झाली. शेजारची शेळी रोज सकाळी येऊन माझी शेवंती खाई. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. लग्नाआधी पुण्याला शिकलेली, सगळं मोजकं आणि नीट करायची सवय. नगरपालिकेला मी स्वच्छ अक्षरात तीन ओळींचं इंग्रजी पत्र लिहिलं. कारकुनाने ते परत केलं. म्हणाला, "बाई, हे पत्र झालं. अर्ज आणा." म्हणून मी कडुनिंबाखाली गेले.

अर्जनविसांनी पत्र दोनदा वाचलं. "इंग्रजी झकास हाये, बाई. पण याच्यात शेळी सुटून जाते."

"सुटते म्हणजे?"

"तुमी लिवलं, एका शेळीनं शेवंती खाल्ली. कोणती शेळी? अमरावतीत शेळ्या कमी हायेत काय?"

मग त्यांनी सात परिच्छेदांचा अर्ज लिहिला. त्यात शेळीचा रंग होता, फाटका डावा कान होता, येण्याची वेळ होती, आणि 'सदर शेळीस कुंपणाची पूर्ण कल्पना असूनही' असं एक वाक्य होतं. चौथ्या दिवशी शेळी कोंडवाड्यात. पुढे मलाच तिची दया येऊन तिला सोडवायला जावं लागलं, पण ते असो.

मी इंग्रजी शिकवते हे कळल्यावर पुढच्या रविवारी ते आमच्या व्हरांड्यात हजर झाले. बोटं मिटायला लागली. एक, त्यांनी कागद लिहिता लिहिता बाहेरून बसून बी.ए. केलं होतं. दोन, अकोल्याच्या एका लॉ कॉलेजात जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून तिथल्या प्राचार्यांनी स्वतःचीच एक प्रवेश परीक्षा काढली होती, इंग्रजी निबंधाची. तीन, त्या परीक्षेला जन्मात दोनदाच बसता येई आणि एकदा ते नापास होऊन चुकले होते.

"सबब विनंती, का बाईनं मले शिकवावं."

"पण या वयात वकिली कशाला?" मी विचारलं. ते अडतीस वर्षांचे होते. माझ्या पुणेरी तोंडून असे प्रश्न फार सरळ निघत.

या वेळी त्यांनी बोटं मिटली नाहीत. अचलपूरकडच्या एका बाईचा विहिरीच्या हिश्श्याचा कागद त्यांनी लिहिला होता. त्यांच्या मते त्यांच्या हातचा सगळ्यात चांगला. साहेबांनी त्या बाईला विचारलं, काय म्हणणं आहे तुमचं? ती पदर तोंडात धरून उभी राहिली. कागद फायलीत होता, साहेबांना घाई होती. अर्जनवीस दारातून बघत होते. एक पाऊल आत टाकलं तर शिपायाने हात आडवा घातला. अर्जनविसाची हद्द दाराबाहेर. पाच मिनिटांत ती बाई विहीर गमावून बाहेर आली.

"कागद माझा होता, बाई. आवाज कोणाचाच नोता."

मी त्यांना रविवारी सकाळी आठची वेळ दिली.

पहिल्या दिवशी मी गेल्या वर्षीच्या निबंधाबद्दल विचारलं. विषय होता 'आमच्या गावची नदी'. आपण काय लिहिलं ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. निबंध अर्थात इंग्रजीत होता, पण मराठीत तो असा होईल:

'एक: मौजे अमुक, तहसील अचलपूर, जिल्हा अमरावती येथे एक नदी आहे. दोन: सदर नदी फार पूर्वीपासून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत असून तिच्या या वाहण्यास कोणी हरकत घेतलेली नाही. तीन: खुद्द नदीनेही हरकत घेतलेली नाही. चार: तिच्या काठी आंब्याची अंदाजे अकरा झाडे उभी आहेत. सबब विनंती की सदर नदी सुंदर आहे असे जाहीर व्हावे.' खाली, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे', आणि अंगठ्यासाठी सोडलेली जागा.

प्राचार्यांनी शेरा मारला होता, 'उमेदवाराने नदीवर दावा लावलेला दिसतो.'

मी हसू दाबलं. आत तुमचे आजोबा पेपर वाचत होते, त्यांना तेही जमलं नाही.

माझी शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. मी वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहून दिले: आकडे घालायचे नाहीत, 'सदर' लिहायचं नाही, शेवटी काही मागायचं नाही. अर्जनविसांनी नियम वाचले आणि खाली सही केली.

मग मी साधं वाक्य सांगितलं. गाय शेतात चरत होती.

"कोणाच्या शेतात?"

"कोणाच्याही. निबंधातलं शेत आहे."

"असं नाही होत, बाई. सर्व्हे नंबर टाकल्याबिगर गाय उभी करता येत नाही. उद्या कोणी म्हणन, आमच्या शेतात चरली. मंग?"

"बरं, गाय राहू द्या. सूर्य उगवला."

"पाह्यला कोणी?"

असे पाच रविवार गेले. चंद्र सुंदर आहे असं लिहायला ते तयार नव्हते, 'सुंदर असल्याचे समजते' इथपर्यंत आले. फुलाला सुवास असतो हे त्यांनी 'मान्य न करता गृहीत धरलं'. मी म्हटलं, काहीतरी जवळचं लिहा, तुमच्या बायकोबद्दल लिहा. त्यांची बायको, वेणूबाई, बाजारात भाजी विकत. त्यांचा मळा होता, आणि घरातला व्यवहार सगळा त्यांच्याच डोक्याने चाले. त्या दिवशी टोपलीभर वांगी घेऊन त्या व्हरांड्याच्या पायरीवर टेकल्या होत्या.

अर्जनविसांनी लिहिलं आणि वेणूबाईंसाठी मराठी करून वाचलं. "अर्जदाराची पत्नी, वय अंदाजे तीस, धंदा भाजीविक्री, राहणार वरीलप्रमाणे."

"अंदाजे काहून?" वेणूबाई कडाडल्या. "लगीन लावलं तवा इचारलं नाही का कोणाले?"

"तसा दाखला नाही ना आपल्यापाशी."

"पाहा बाई, वकील व्हाचं म्हणते हा माणूस! याले गिऱ्हाइकासमोर दोन वांगे तोलाले बसवलं, तं वांग्याचा बाप कोण म्हणून इचारन!"

मला हसू आलं, पण मनातून मी घाबरले होते. परीक्षेला चार महिने राहिले होते आणि माझ्या विद्यार्थ्याला एक वाक्य स्वतःचं म्हणून लिहिता येत नव्हतं. त्यांची वही चाळताना मला कारण सापडलं. साऱ्या वहीत 'मी' हा शब्द एकदाही नव्हता. सोळा वर्षं ते दुसऱ्याचंच लिहीत आले होते. स्वतःचं लिहायची वेळ आली की तिथेही अर्जदारच उभा राही.

"तुम्हाला स्वतःबद्दल सांगता तरी येतं का?" मी विचारलं.

"सांगता येते. लिवता येत नाही."

"मग रोज दुसऱ्यांचं कसं लिहिता?"

"तो समोर बसते, सांगते, मी लिवतो. आता मी माझ्या समोर कोठी बसू?"

मी उठले आणि दुसरी खुर्ची आणून त्यांच्यासमोर ठेवली. "इथे बसा. तुम्ही पक्षकार. सांगा."

ते संकोचले. मग खरंच तिकडे जाऊन बसले, चपला काढल्या, टोपी मांडीवर ठेवली, रिकाम्या खुर्चीकडे बघून हात जोडले आणि सांगू लागले. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत उतरताना कशी भीती वाटे, बाप वरून कसा गाणं म्हणत उभा राही, म्हणजे दोर धरणारा वर आहे हे पोराला कळे. सर्व्हे नंबर नाही, साक्षीदार नाही. सांगून झालं तसे उठले, फिरून आपल्या खुर्चीत आले, टोपी घातली आणि इंग्रजीत लिहायला लागले. लहान लहान सरळ वाक्यं. प्रत्येकात 'मी'.

मी ती दोन पानं तुमच्या आजोबांना दाखवली. ते म्हणाले, "याला तू काही शिकवू नकोस. फक्त खुर्ची पूस."

त्यानंतर दर रविवारी व्हरांड्यात तो खेळ चाले. लिहिणारे अर्जनवीस मध्येच हात थांबवून विचारत, "हे खरं हाये काय?" लगेच उठून समोर बसत. "खरं हाये." परत उठून, "पाह्यलं कोणी?" पुन्हा तिकडे, "म्या." मग इकडे येऊन, "मंग ठीक," आणि लिहिणं पुढे चालू. रस्त्याने जाणारे थबकत. आजोबा आतून विचारत, "आज पक्षकार आलाय का अर्जनवीस?"

मी सांगे, "दोघेही. चहा मात्र एकच टाका."

परीक्षा जूनमध्ये होती. माझी बहीण अकोल्यालाच राहत असे, म्हणून मीही निघाले. सगळी तयारी मी केली होती. दोन पेनं, शाईची दौत, टिपकागद, प्रवेशपत्राची जास्तीची नक्कल, पिशवीत पाण्याची बाटली, कोणत्या गाडीने जायचं, ती चुकली तर कोणत्या. वेणूबाईंनी दशम्या घेतल्या होत्या.

आम्ही दोघी कॉलेजच्या व्हरांड्यात बसलो. उघड्या खिडकीतून वर्ग दिसत होता. विशी-बाविशीची मुलं, कोरे शर्ट, आणि त्यांच्यात आमचे अर्जनवीस. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या. फळ्यावर विषयही लिहिला गेला, 'मला कायदा का शिकायचा आहे'. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग माझं लक्ष गेलं. प्रत्येकाला एक टेबल आणि एकच खुर्ची होती.

मुलांनो, मी सगळं मोजून घेतलं होतं, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अर्जनवीस हातात पेन घेऊन समोरच्या मुलाच्या पाठीकडे बघत होते. पंधरा मिनिटं गेली. कागद कोरा.

"काहून लिवून नाही राह्यले?" वेणूबाईंनी मला कोपराने ढोसलं.

"खुर्ची नाही," मी म्हटलं. दोनातली ही दुसरी वेळ. हीही गेली की ते दार कायमचं बंद.

तेवढ्यात अर्जनवीस उठले. चपला काढल्या. आपल्याच टेबलासमोर जमिनीवर उकिडवे बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि रिकाम्या खुर्चीला हात जोडून हलक्या आवाजात बोलायला लागले.

वर्गात हशा पिकला. एक मुलगा उभा राहून तक्रार करू लागला. प्राचार्य स्वतःच देखरेखीला होते. जाड चष्म्याचे, वाकलेले. ते चालत आले. खिडकीपाशीच हे सगळं झालं म्हणून मला ऐकू आलं.

"कोणाशी बोलता आहात?"

"लिवणाऱ्याशी, सर."

"लिहिणारा कोण?"

"मीच."

"मग हा बोलणारा?"

"तो बी मीच, सर. पण त्याले इंग्रजी येत नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काय वाटलं कोण जाणे. गेल्या वर्षीची नदी आठवली असावी. "तुमच्या बोलण्याने बाकीच्यांना त्रास होतो," ते म्हणाले. "बाहेर व्हरांड्यात बसा. दोघेही."

शिपायाने टेबल आणि दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवल्या. मागोमाग प्राचार्य आले आणि त्यांनी आम्हाला पाहिलं.

"आपण कोण?"

"मी यांची इंग्रजीची शिक्षिका," मी म्हटलं, आणि ते पुढे काही म्हणायच्या आत पर्स उचलून अंगणात उतरले. समोरच्या चिंचेखाली जाऊन, व्हरांड्याकडे पाठ करून उभी राहिले. माझ्यामुळे कोणी बोट दाखवायला नको होतं.

मागून आवाज आला. "आणि या बाई? यांना इंग्रजी येतं?"

"बाप्पा!" वेणूबाई म्हणाल्या. "मले तं त्यायची मराठी बी समजत नाही."

"मग बसू द्या."

पुढचे दोन तास मी चिंचेच्या खोडाकडे बघत होते. काय झालं ते वेणूबाईंनी मला परतीच्या गाडीत सांगितलं. अर्जनवीस पक्षकाराच्या खुर्चीत बसले आणि त्या विहिरीवाल्या बाईचं सांगू लागले. तोंडात धरलेला पदर, शिपायाचा आडवा हात, आणि त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नव्हतं, तेही.

"मी तवा म्हटलं होतं, भाजीत मीठ कमी पडलं का?" वेणूबाई म्हणाल्या. "हे म्हणाले, हाव. आठ वर्सं झाले, बाई, मी त्या दिवसापासून भाजीत मीठ जास्त टाकून राहिली." अर्जनवीस खिडकीबाहेर बघत होते. वेणूबाईंनी त्यांच्या हातावर एक दशमी ठेवली. "आधी सांगाचं ना, वो. म्या काय हरकत घेतली असती?"

निकालाचं पाकीट जुलैत आलं. ते त्यांनी न फोडता माझ्याकडे आणलं. लोकांचे हजार कागद त्यांनी वाचले होते, पण स्वतःच्या नावाचा हा त्यांना फोडवेना. मी वाचून दाखवलं. आतल्या यादीत शेवटून दुसरं नाव त्यांचं होतं. प्रवेश मिळाला होता. खाली प्राचार्यांच्या अक्षरात शाईने लिहिलं होतं, 'दोघांनाही घेतले आहे. शुल्क एकाचेच भरावे.'

ते व्हरांड्यात उभे राहिले. "एक," म्हणाले आणि करंगळी मिटली. दुसरा मुद्दा आलाच नाही.

आठवड्याभरात ते अकोल्याला गेले. वेणूबाई मळा सांभाळून पंधरा दिवसांनी जाऊन येत. पुढच्याच वर्षी तुमच्या आजोबांची बदली झाली आणि अमरावती सुटली. ते वकील झाल्याचं मला पत्राने कळलं. अकोल्यालाच राहिले, आणि आता नाहीत. काळ्या कोटात मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्याची मला थोडी रुखरुख आहे.

पण ते गेल्यानंतरचा पहिला रविवार सांगायचा राहिला. सकाळी आठला मी सवयीने दार उघडलं तर पायऱ्यांवर तीन माणसं बसलेली. जाताना हे महाशय आपल्या पक्षकारांना सांगून गेले होते, की काही अडलं तर बाईंकडे जा, त्या अर्ज लिहून देतील. मला विचारलं नव्हतं.

पहिला म्हातारा अचलपूरहून सकाळच्या गाडीने आला होता. मी वही घेऊन बसले आणि म्हटलं, "सांगा." तो तासभर बोलला. बांध, जावई, बैल, मेलेली बायको, पुन्हा बांध. मी लिहू काय, ते मला कळेना. शेवटी विचारलं, "बाबा, यात नेमकं मागायचं काय आहे?"

"मांगाचं काय, लिवा तुमाले वाटन ते," तो आरामात म्हणाला. "आमचे वकीलसाहेब असंच सारं आइकून घेत. मंग आमाले बरं वाटे."

"कोण वकीलसाहेब?"

एवढी शिकलेली बाई आणि एवढंही माहीत नाही, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अकोल्याले गेले ते," तो म्हणाला.

त्यांचं कॉलेज सुरू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.